कॉलेजात असताना समाजकाम: एनएसएसच्या तासांपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

प्रवेशाची धावपळ संपली की कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद हमखास लागतो: 'राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) नावनोंदणी सुरू'. कुणी सवलतीच्या गुणांसाठी नाव देतं, कुणी मैत्रीण देतेय म्हणून, कुणी शिबिराच्या ओढीने. कारण कुठलंही असू दे, नाव द्या. कॉलेजची दोन-तीन वर्षं हा असा काळ असतो की अंगात बळ असतं, संसाराची जबाबदारी अजून आलेली नसते आणि मतदानाचा हक्क नुकताच हातात आलेला असतो. या काळात काय काय करता येतं आणि ते नीट कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहिते. सगळं महाराष्ट्रातल्या मुलामुलींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकच गाव किंवा एकच वस्ती धरा, तिथल्या माणसांना हवं असलेलं काम घ्या आणि ते काम जिथे अडेल तिथे अर्ज लिहायला शिका. नाला साफ करणारी मुलं दर वर्षी दिसतात. त्या नाल्यात कचरा येतो कुठून, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारणारी मुलं फार थोडी. मला दोन्ही कामं करणारी मुलं हवी आहेत.

पहिली पायरी: एनएसएसचा हिशेब समजून घ्या

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. ते महात्मा गांधींचं जन्मशताब्दी वर्ष होतं. तेव्हा देशातल्या 37 विद्यापीठांत मिळून साधारण 40,000 विद्यार्थी या योजनेत होते. आज बहुतेक कॉलेजांत एक तरी एकक असतं आणि एका एककात साधारण शंभर स्वयंसेवक.

नियम सोपा आहे: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं विशेष निवासी शिबिर. हे पूर्ण झालं की विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतं. 120 तास ऐकायला डोंगराएवढे वाटतात, पण आठवड्याला तीन तास दिले तर चाळीस आठवड्यांत होतात. परीक्षेचे आणि सुट्टीचे आठवडे वगळले तरी एखाद्या रविवारी जास्त वेळ देऊन भरून निघतात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आणखी एक बदल झाला आहे. पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम म्हणून एनएसएसला आणि 'समाज सहभाग' या नावाखालच्या प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. किती श्रेयांक आणि कोणत्या सत्रात, हे विद्यापीठागणिक वेगळं असतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून, म्हणजे कॉलेजात एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकांकडून, मागून वाचा. ऐकीव माहितीवर राहू नका. श्रेयांकाची नोंद राहिली असं शेवटच्या सत्रात कळलं तर धावपळ तुमचीच होते.

नाव दिलं की एक वही करा. तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कुठे, काय केलं आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही, एवढे पाच रकाने पुरेत. सही त्याच आठवड्यात घ्या. वर्षअखेरीला वीस सह्या एकदम मागायला गेलं की अधिकाऱ्यांनाही आठवत नाही आणि तुम्हालाही.

तुमच्या कॉलेजात एनएसएस नसेल किंवा जागा भरल्या असतील तरी अडत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे उपक्रम असतात. केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवर 15 ते 29 वयोगटातल्या कुणालाही नाव नोंदवता येतं. आणि खाली दिलेल्या बहुतेक कामांना तर कुठल्याच योजनेची गरज नाही.

दुसरी पायरी: जागा निवडा आणि आधी नुसतं जाऊन या

कॉलेजचं दत्तक गाव ठरलेलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कॉलेजपासून एसटीने किंवा सायकलने अर्ध्या तासात पोचता येईल अशी जागा बघा. लांबचं, निसर्गरम्य गाव शिबिरासाठी छान असतं, पण दर आठवड्याला जायला जवळचीच जागा टिकते. शहरात असाल तर कॉलेजच्या मागची वस्ती, जवळची महापालिकेची शाळा किंवा सरकारी दवाखाना घ्या.

पहिल्या भेटीत काहीही वाटायला नेऊ नका. वह्या नाहीत, खाऊ नाही, टोप्याही नाहीत. एकदा वाटप केलं की पुढची दोन वर्षं लोक तुमच्याकडे 'काय आणलंय' याच नजरेने बघतात. त्यात लोकांची चूक नाही, सुरुवात आपण तशी करून दिलेली असते.

गावात गेल्यावर आधी सरपंचांना भेटा, ते मानाचं आहे. पण खरी माहिती अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे असते. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठे म्हातारं माणूस एकटं आहे, कुठल्या मुलीची शाळा सुटली, हे त्यांना घर आणि घर माहीत असतं. त्यांच्या कामाची वेळ सोडून जा, दुपारी अंगणवाडी सुटल्यावर. 'ताई, आम्ही दर शनिवारी तीन तास येऊ शकतो. आमचा उपयोग कशाला होईल?' एवढंच विचारा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या.

मग गावातून एक फेरी मारा आणि हाताने नकाशा काढा. विहिरी, हातपंप, शाळा, रस्त्यावरचे दिवे, कचरा साठतो त्या जागा, पावसाळ्यात पाणी तुंबतं त्या जागा. जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने नकाशा काढला तर आसपासची माणसं आपोआप गोळा होतात आणि तुमच्या चुका दुरुस्त करायला लागतात. बायका पाण्याची जागा दाखवतात, पोरं खेळायची जागा दाखवतात, म्हातारी माणसं पूर्वी ओढा कुठून वाहायचा ते सांगतात. सर्वेक्षणाच्या छापील फॉर्मवर ही माहिती कधीच येत नाही.

तिसरी पायरी: शिबिराचं काम ऋतू पाहून ठरवा

सात दिवसांच्या शिबिरात पन्नासेक मुलांचे हात असतात. एवढ्या हातांनी खरोखर उभं राहतं असं काम म्हणजे वनराई बंधारा. ओढ्याचं वाहतं पाणी मातीने भरलेल्या पोत्यांनी अडवायचं, म्हणजे आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळतो, गुरांना पाणी राहतं, रब्बीच्या एखाद्या पाळीची सोय होते.

पण बहुतेक शिबिरं डिसेंबर-जानेवारीत होतात आणि तोवर पुष्कळ ओढे आटलेले असतात. आटलेल्या ओढ्यात बंधारा घालून त्या वर्षी काहीच हाती लागत नाही आणि पुढच्या पावसात पोती वाहून जातात. बंधारा घालायचा तर पाऊस ओसरल्यावर, ओढ्याला धार असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. शिबिराची तारीख हलत नसेल तर बंधारा दिवाळीच्या आसपासच्या दोन रविवारी उरका आणि शिबिरात दुसरं काम घ्या.

करायचं कसं ते सांगते. जागा गावातल्या जाणत्या शेतकऱ्याला दाखवून ठरवा. पात्र अरुंद, काठ पक्के आणि खाली शक्यतो खडक अशी जागा लागते. ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या. आसपासच्या बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती महिनाभर आधीपासून जमवा. ती झटकताना नाकातोंडाला रुमाल बांधा आणि झटका ओढ्यापासून लांब. पोतं दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलं तर ते गोल होतं आणि दोन पोत्यांमधून पाणी निसटतं. थोडं रिकामं पोतं बसतं छान. तोंड सुतळीने शिवून घ्या.

पोती रचण्याआधी तळाची सुटी वाळू आणि गोटे काढून टाका, नाहीतर पाणी खालून निघून जातं. विटांसारखे सांधे मोडत थर लावा, दोन ओळींच्या मधल्या फटीत चिकणमाती ठोकून बसवा. मधोमध थोडा भाग बुटका ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून सांडेल आणि काठ कापले जाणार नाहीत. पोती हातोहात देण्यासाठी साखळी करा. शिबिरातला सगळ्यात सुंदर तास तो असतो. तो प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे, म्हणून स्वयंपाकाची पाळी मुलामुलींमध्ये सारखी वाटा. मुली चपात्यांना आणि मुलं श्रमदानाला, ही वाटणी अजूनही कित्येक शिबिरांत दिसते. ती मोडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एकट्यानेही करता येतील अशी कामं

गटाने काम करायला सगळ्यांनाच आवडतं असं नाही. अशा मुलांसाठी सगळ्यात मोलाचं काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं. परीक्षेच्या मोसमात लेखनिकांची फार वाण असते. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालचं असावं असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला बहुधा वरच्या वर्गातल्यांसाठी बसता येतं. तुमच्या भागातल्या अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागाकडे नाव देऊन ठेवा.

या कामाची शिस्त कडक आहे. परीक्षेआधी एकदा भेटून तासभर सराव करा, म्हणजे त्यांचा सांगण्याचा वेग आणि तुमचा लिहिण्याचा वेग जुळतो. पेपर हातात आला की संपूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवा आणि मगच लिहायला घ्या. ते सांगतील तेच लिहायचं. उत्तर चुकतंय असं वाटलं तरी सुचवायचं नाही, चेहऱ्याने नाही, आवाजानेही नाही. दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळते, ती मिळतेय ना याकडे लक्ष ठेवा. आणि होकार दिलात की आजारपणाशिवाय मागे फिरू नका, कारण तुम्ही आला नाहीत तर त्या मुलाचा पेपर बुडतो.

दुसरं काम प्रौढांना शिकवायचं. 2022 ते 2027 या काळासाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यात 15 वर्षांवरच्या निरक्षर व्यक्तींना स्वयंसेवकांनी शिकवायचं असतं आणि शेवटी त्यांची एक साधी चाचणी होते. मोबदला नाही. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलात की नोंदणी होते. बाराखडीपासून सुरुवात करू नका. मावशींना आधी स्वतःचं नाव, मग नातवाचं नाव, मग मोबाइलवरचे आकडे आणि एसटीची पाटी वाचायला शिकवा. आठव्या-दहाव्या दिवशी त्या स्वतः पाटी वाचून गाडीत बसल्या की पुढची अक्षरं त्या मागून घेतात.

रक्तदानाबद्दल थोडक्यात: वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. पुरुषांनी दोन वेळांत तीन महिन्यांचं आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवावं. एवढ्यात बसत असाल तर द्या. कॉलेजच्या शिबिराची तारीख ठरवताना रक्तपेढीला विचारा की त्यांना चणचण कधी असते. बहुधा उत्तर येतं, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नेमकी जेव्हा कॉलेजं बंद असतात. तेव्हा शिबिर घेतलंत तर खरा उपयोग.

वारीच्या काळात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुलं 'निर्मल वारी'साठी पालख्यांच्या वाटेवर असतात, गणपतीत घाटांवर निर्माल्य गोळा करणं आणि मूर्तिदान असतं. ही कामं थोड्या दिवसांची असली तरी हजारो माणसांशी नम्रपणे बोलायचं शिक्षण तिथे मिळतं.

चौथी पायरी: मतदार यादी

कॉलेजातल्या प्रत्येक वर्गात 18 पूर्ण केलेली आणि यादीत नाव नसलेली मुलं असतात. एखाद्या वर्गात विचारून बघा.

पूर्वी वर्षातून 1 जानेवारी हीच पात्रता तारीख होती. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी नमुना 6, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना 8. निवडणूक आयोगाच्या अॅपवरून घरबसल्या भरता येतो. अडचण आली तर 1950 वर फोन करता येतो.

वसतिगृहातली मुलं नेहमी विचारतात, नाव गावाकडे ठेवायचं की इथे? दोन्हींपैकी कुठेही चालतं, मात्र एकाच ठिकाणी. वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवायचं तर प्राचार्य किंवा कुलसचिवांचा दाखला लागतो. गावच्या ग्रामपंचायतीत तुम्हाला बोलायचं असेल तर नाव गावीच ठेवा, असं मी सांगेन.

मोहीम घ्यायची तर एकाच दिवसाचा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा आठवडाभर ग्रंथालयाच्या दारात टेबल लावा. जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फोटो आणा, असं आधी तीन दिवस वर्गावर्गात जाऊन सांगा. बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, एक दिवस बोलवा. भरलेल्या प्रत्येक अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि महिन्याने त्या सगळ्यांची स्थिती तपासा. अर्ज भरून दिला म्हणजे नाव लागलं असं नाही. परत आलेले अर्ज दुरुस्त करून देणं हे या मोहिमेचं अर्ध्याहून जास्त काम असतं आणि तिथेच बहुतेक मोहिमा संपून गेलेल्या असतात.

मतदानाच्या दिवशी अपंग आणि वृद्ध मतदारांच्या मदतीसाठी एनएसएसची मुलं केंद्रांवर नेमली जातात. तिथे असताना छातीवर किंवा तोंडात कुठल्याही पक्षाचं काहीही असू नये.

पाचवी पायरी: ग्रामसभा आणि अर्ज

महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, म्हणजे 18 वर्षांची तुम्हीसुद्धा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे घेतलेला विषय मुख्य सभेत जोरात मांडता येतो.

तुमचं दत्तक गाव तुमचं स्वतःचं गाव नसेल तर तुम्ही सदस्य नाही. तेव्हा विषय गावातल्या तरुणांनी किंवा बचतगटातल्या ताईंनी मांडावा, मसुदा करायला तुम्ही मदत करा. मसुदा चार-पाच दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना सगळे अजूनही ग्रामसेवकच म्हणतात त्यांच्याकडे, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. सभेत ठराव झाला की तो इतिवृत्तात त्याच शब्दांत लिहिला गेला का, हे तिथेच बसून वाचून बघा.

विषय मोजका ठेवा. 'गावात स्वच्छता नाही' यावर ठराव होत नाही. 'शाळेच्या मागच्या गटारावर चाळीस फूट झाकणं बसवावीत, मुलं त्यात पडतात' यावर होतो.

शहरात ग्रामसभा नाही, पण वाटा आहेत. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. पदपथ, बाक, दिवे अशी छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयात सुचवता येतात. अर्ज मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या शहरांत क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयात साधा अर्ज द्या.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. 2005 चा हा कायदा तुमच्यासाठीच आहे. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज 'जन माहिती अधिकारी' यांच्या नावाने करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. 'काम का केलं नाही?' असं विचारू नका. कारणं सांगायला अधिकारी बांधील नसतो, कागद द्यायला बांधील असतो. असं लिहा:

'मौजे अमुक येथील शाळेमागील गटाराच्या दुरुस्तीबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: 1) कामाचा कार्यादेश 2) अंदाजपत्रक 3) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने 4) अदा केलेल्या देयकाची प्रत.'

30 दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, हातात आली की फूटपट्टी नाही, टेप घेऊन त्या जागेवर जा आणि मोजा. इंजिनीअरिंगच्या मुलांनी हे एकदा तरी करावंच.

एक खबरदारी. अर्ज एकट्या मुलाच्या नावाने आणि त्याच्या घरच्या पत्त्यावर टाकू नका. विषय तंग असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आणि गावातल्या दोन मोठ्या माणसांशी आधी बोला.

कागदांचं हेच कौशल्य एकेका घरासाठीही लागतं. नवरा गेलेली बाई संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला देते आणि तो अडतो, कारण आधारवर 'सुमनबाई' आणि पासबुकात 'सुमन'. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणी, सगळीकडे नाव एकसारखं करायला चार-सहा खेटे पडतात. तिची मजुरी बुडते, म्हणून ती अर्ज सोडून देते. तुम्ही सोबत गेलात, रांगेत तिच्यासाठी उभे राहिलात, तर महिन्याचे पैसे सुरू होतात. दोन वर्षांत अशी पाच घरं जरी मार्गी लावलीत तरी मी त्याला मोठं काम म्हणेन. तिचे कागद मात्र मोबाइलमध्ये साठवून ठेवू नका आणि ओटीपी तिच्याकडून मागू नका, तिलाच टाकू द्या.

ज्यांना आणखी पुढे जायचं आहे

बाबा आमटेंनी 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातल्या या छावणीत पहाटे उठून उन्हाआधी श्रमदान आणि नंतर चर्चा असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 पासून 'निर्माण' हा उपक्रम चालवला आहे. 'मी आयुष्यात काय करू?' हा प्रश्न ज्यांना खरोखर छळतो त्यांनी तिथे अर्ज करावा. दोन्हीकडे निवड होते, अर्जातले प्रश्न मनापासून सोडवा. नटवलेली उत्तरं तिथे लगेच ओळखू येतात.

घरचे, फोटो आणि पुढची बॅच

मुलींना रविवारी बाहेर सोडायला घरचे तयार नसतात. आईवडिलांना एकदा सोबत घेऊन जा. अंगणवाडी ताईंशी चहा झाला की बहुतेकांची काळजी कमी होते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे ठरवून त्याआधी निघा आणि कुणीही एकटं परत येऊ नये.

लहान मुलांचे, आजारी माणसांचे फोटो काढू नका. अहवालाला हवेच असतील तर कामाचे काढा, बंधाऱ्याचे, नकाशाचे.

शेवटच्या वर्षाच्या फेब्रुवारीत एक फाइल तयार करा. त्यात हाताने काढलेला नकाशा, सगळ्या अर्जांच्या पोच, कुठला अर्ज कुठे अडलाय त्याची एका पानाची टिपणी आणि गावातल्या दहा माणसांची नावं, कोण कशात मदत करतं यासकट. फाइल कपाटात ठेवू नका. पुढच्या बॅचमधल्या दोघांना मार्चमध्येच सोबत घेऊन गावात जा, ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत त्यांची ओळख करून द्या आणि चालू अर्जांची पोच त्यांच्या हातात द्या. अपिलाची मुदत परीक्षेच्या काळात संपत असेल तर ती तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहा.